गेरूचा ऑक्सिजन

आमच्या घरात रंग चारच होते आणि ते चारही डब्यांत राहायचे. गेरू, नीळ, डांबर आणि हळद. हळद तेवढी आईच्या ताब्यात, चुलीशेजारी. बाकीचे तीन डबे छपराच्या वळचणीला, पोरांचा हात पोचणार नाही अशा बेताने खोचलेले. सांगोल्याच्या अंगाला माळावर आमची दहा-बारा घरांची वस्ती. सगळी भावकी आणि सगळ्यांची मेंढरं. दिवाळी झाली की माळावरचं गवत संपायचं आणि मेंढरं, घोडी, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन वस्ती निघायची ती मोडनिंब, टेंभुर्णी करत थेट जेऊरपर्यंत. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या रानाला खत, आपल्याला जोंधळा. निघायच्या आधी दोन दिवस खुणा करायचं काम चाले. आमची खूण गेरूची, थोरल्या चुलत्याची निळीची आणि धाकट्याची डांबराची. वाटेत कळप मिसळले तरी कुणाचं मेंढरू कोणतं ते लांबूनच कळायचं. काठीला फडक्याचा बोळा बांधून आबा तिन्ही कळपांतल्या मेंढरांच्या उजव्या फऱ्यावर, म्हणजे मागच्या मांडीवर, लिंबाएवढा एकच ठिपका द्यायचे. त्याहून मोठा नाही. रंग लागलेली लोकर कातरणीला टाकून द्यावी लागते, हे आम्हाला बाराखडीच्या आधी समजलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती, पण मोजणीत त्यांचा हात धरणारा वस्तीत कुणी नव्हता. दिवस कलला की वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी ते उकिडवे बसत. मेंढरं दोन-दोन करून आत जात आणि आबांचे ओठ हलत. त्या वेळी घुंगरांचा आवाज, कोकरांची बें बें, आईच्या भाकरीची थाप, सगळं चालू असायचं, पण माणूस कुणी बोलायचं नाही. शेवटचं मेंढरू आत गेलं की आबा म्हणत, "आली समदी." ते ऐकल्याशिवाय घरात कुणी ताटाला हात लावत नसे. एखादं चुकलं असेल तर ते सापडेपर्यंत हुलग्याचं माडगं चुलीवर आटत राही. भुकेनं माझं डोकं फिरायचं. मी लहानपणापासून तापट, आणि त्यात पोट रिकामं असेल तर बघायलाच नको. आज माझी नात म्हणते, आजी, तू जेवायच्या वेळी घड्याळ बघतेस. मी घड्याळ बघत नाही, कुणाचा तरी आवाज यायची वाट बघते. पण हे तिला काय सांगायचं.

आबा, आई आणि धाकटा भाऊ कळपामागे गेले की मी गावात आत्याकडे राहायची, म्हणून माझी शाळा टिकली. नववीत आम्हाला येमूल सर विज्ञानाला आले. मूळचे सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, उंच, किडकिडीत. चिडले की त्यांना मराठी शब्द सापडायचा नाही, मग नुसतं "अय्यो" म्हणून फळ्याकडे वळायचे. एके दिवशी त्यांनी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. आत रंगीत गोळे, प्रत्येकाला भोकं, आणि काड्या. काळा म्हणजे कार्बन, लाल म्हणजे ऑक्सिजन, निळा नायट्रोजन, पांढरा लहानगा तो हायड्रोजन. अर्धे गोळे आधीच्या पोरांनी गोट्या खेळून हरवलेले होते. एक लाल आणि दोन पांढरे गोळे काड्यांनी जोडून सरांनी वर धरले आणि म्हणाले, "हे पाणी." पोरं हसली. मी हसले नाही. मला तो सरळ सरळ कळप दिसला. हा गेरूवाल्यांचा, हा निळीवाल्यांचा, आणि हे लहान पांढरे म्हणजे अजून खूण न केलेली कोकरं. पुढे सरांनी समीकरण मांडलं आणि सांगितलं की डावीकडून जेवढे अणू गेले तेवढेच उजवीकडे आले पाहिजेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. बाकीच्यांना ते पाठ करावं लागलं. मला फक्त भूक लागल्यासारखं झालं.

सरांनी मग माझा पिच्छाच धरला. दिवाळीनंतर सोलापुरात विज्ञानाचं प्रदर्शन होतं. त्यात अणूंच्या प्रतिकृती मी मांडायच्या असं त्यांनी ठरवून टाकलं. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. आत्या त्या वर्षी लेकाकडे पुण्याला कायमची जाणार होती, म्हणजे माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर कळपामागे जायचं आणि शाळा सोडायची, नाहीतर सोलापूरच्या मुलींच्या बोर्डिंगात राहायचं. तिथे एक जागा रिकामी होणार होती, राहण्या-जेवणाची सोय फुकट होती आणि सरांनी शब्द टाकून ठेवला होता. ते आमच्या वस्तीवर आले, घोंगड्यावर बसले, मेंढीच्या दुधाचा चहा त्यांनी डोळे मिटून प्यायला आणि विषय काढला. आबा काठीने माती उकरू लागले.

"मास्तर, मेंढरू चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलं तर खुणंवरनं मागारी आणता येतं," ते म्हणाले. "लेकरू एकदा शहरात मिसळलं की कशावरनं वळखायचं? शिकलेली पोरं मागारी येत न्हाईत. येत्यात ती पावणी हून येत्यात."

 सर कपातल्या सायीकडे बघत राहिले.

"परदर्शनाचं तेवढं हू द्या," आबा म्हणाले. "त्याला माजी ना न्हाय. मग आमी निघतो. ती बी निघंल."

मी छपराआड उभी होते. मला तेव्हा आबांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनाही ते कळलं असणार, कारण तिसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या गोळ्यांसाठी पांढऱ्या लोकरीची एक जुडी त्यांनी न मागता माझ्यापुढे टाकली. काळी का नाही, असं मी तोऱ्यात विचारलं, तर म्हणाले, "काळ्यावर खूण दिसती व्हय?"

गोळे करायचं काम मी आणि आईने केलं. लोकर पिंजायची, ऊन पाणी आणि साबण लावून तळहातांवर वळत राहायची, म्हणजे ती आवळून येते. वर चिंचोक्याची खळ, घोंगड्याला लावतात तीच. वाळल्यावर गोळा असा टणक झाला की धाकट्या भावाने एक कुत्र्याला मारून बघितला. जोडायला तुरीच्या काड्या, दोन्हीकडे टोक काढलेल्या. तेरा गोळे झाले, सहा लिंबाएवढे आणि सात बोराएवढे. त्यांतून गोबर गॅसातला मिथेन आणि ऑक्सिजन करायचा, मग ते मोडून त्यांचेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून दाखवायचे, म्हणजे जळताना काय होतं ते दिसतं. शिवाय एक अमोनिया. अमोनियाचं आईला फार कौतुक. पहाटे वाघरीत शिरल्यावर डोळ्यांत पाणी आणतो तो वास म्हणजे हा, असं मी सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजी आपल्याकडं ह्यो लई हाय की."

आता राहिला रंग. डब्यांना आबांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडक. प्रदर्शनाला निघायच्या आदल्या दिवशी आबांचं मेंढरांना खुणा करायचं काम चालू होतं. मी गोळे त्यांच्यापुढे सुपात ठेवले आणि पाण्याला जाता जाता सांगितलं, "मोठ्यांतलं चार लाल, एक काळा, एक निळा. बारकी तशीच ऱ्हाऊ द्या." परत आले आणि सूप बघून हंडा माझ्या हातातून निसटायचाच राहिला. प्रत्येक मोठ्या गोळ्यावर, एका अंगाला, हरभऱ्याएवढा एक ठिपका. चार गेरूचे, एक डांबराचा, एक निळीचा. बाकी गोळा पांढराशुभ्र.

"आबा, ह्ये काय केलं?"

"खुणा केल्या. चार लाल, एक काळा, एक निळा. तूच म्हणालीस की."

"आवो, समदा गोळा रंगवायचा व्हता. ठिपका न्हवं."

"समदा कशापायी?" आबांना खरंच कळेना. "रंग लावून मेंढरू लाल व्हतंय व्हय? कुणाचं हाय ते कळलं म्हंजी झालं. वर लोकर बी ऱ्हाती."

डबे तळाला गेले होते. उरलेला सगळा रंग मेंढरांच्या फऱ्यांवर माळभर चरत होता. मी भोकाड पसरलं. आईने नेहमीप्रमाणे त्यावर माडग्याची वाटी हा उपाय केला आणि मी नेहमीप्रमाणे ती प्यायले, पण रडायची थांबले नाही. आबा गुपचूप एकेक गोळा हातात घेऊन बघत होते. आपल्या कामात खोट कुठे राहिली ते शोधत असावेत.

सकाळच्या एसटीत सरांनी टोपली उघडली आणि "अय्यो" म्हणाले. मंगळवेढा येईपर्यंत आणखी दोनदा म्हणाले. मुक्काम त्यांच्याच घरी होता. दारात पोचायच्या आधीच जमिनीतून मागांची खडखड पायांना लागत होती. शेजारच्या खोलीत चार माग, त्यांवर टॉवेल निघत होते, आणि सगळे एकमेकांशी ओरडून बोलत. मला वाटलं भांडणच चाललंय. सरांच्या आईने कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर दही असं ताट पुढे केलं आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ "लाजू नको" असा असावा, कारण मी लाजले नाही आणि ती खूश झाली. सरांचे वडील सूत रंगवायच्या कारखान्यात होते, कोपरापर्यंत हात कायमचे निळे. सरांनी त्यांच्यापुढे गोळे ठेवले, उकळत्या रंगात बुडवून देता का म्हणून. म्हाताऱ्याने एक गोळा नाकाशी नेला.

"खळ कशाची?"

"चिंचोक्याची," मी म्हणाले.

"मग जमणार नाही. रंगात घातलं की खळ सुटणार. गोळा घालशील आणि परत मेंढरू बाहेर येईल."

स्वतःच्याच विनोदावर ते खूप हसले. सर मात्र कपाळ चोळत म्हणाले, "पार्वती, कोणी विचारलं तर सांगायचं, रंग कमी पडला. बस्स." मी मान हलवली. खोटं होतं, पण लहानसं होतं.

प्रदर्शन एका मोठ्या शाळेच्या सभागृहात भरलं होतं. माझ्या उजवीकडे एका मुलाचा ज्वालामुखी, त्यातून दर दहा मिनिटांनी लाल फेस यायचा आणि टाळ्या पडायच्या. डावीकडे एका मुलाचे विकतचे, प्लास्टिकचे, चकचकीत अणू. त्यांच्यापुढे माझे तेरा गोळे धुऊन वाळत घातल्यासारखे दिसत होते. परीक्षक एक प्राध्यापक बाई होत्या, पांढरी सुती साडी आणि दोरीला अडकवलेला चष्मा. आधी त्या प्लास्टिकच्या गोळ्यांपाशी थांबल्या.

"ऑक्सिजनचा रंग कोणता?"

"लाल," मुलगा खाडकन म्हणाला.

"आत्ता तू श्वास घेतोस, त्यातला लाल आहे का?"

मुलगा आपल्या नाकाच्या शेंड्याकडे बघू लागला. मला हसू आलं, पण ते तिथेच विरलं, कारण बाई माझ्याकडे वळल्या होत्या. त्यांनी गोळा उचलला, ठिपका दिसेपर्यंत फिरवला आणि विचारलं, "रंग संपला का गं?"

उत्तर त्यांनीच माझ्या तोंडात घातलं होतं. मी तोंड उघडलं आणि मला दारात आबा दिसले. वाटेला लागणाऱ्या सामानाच्या बाजारासाठी ते सोलापूरला आले होते आणि मला परत न्यायचं होतं. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, आणि देवळात यावं तशा वहाणा हातात घेऊन ते उभे होते. त्यांच्यासमोर "रंग कमी पडला" म्हणणं मला जमलं नाही. त्यांनी कधी कुठल्या कामात रंग कमी पडू दिला नव्हता.

"न्हाय बाई," मी म्हणाले. बावरले की माझी पुस्तकी भाषा पळून जायची. "ह्या खुणा हायेत. अणूला रंग नसतोच. कोण कुणातला ते कळावं म्हणून आपुन लावायचा. मेंढराला लावतो तसा. माज्या आबांनी लावल्यात."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बरं. जाळून दाखव."

मी मिथेन मोडला, ऑक्सिजनच्या जोड्या सोडल्या, आणि दोन लाल खुणांचे गोळे काळ्या खुणेच्या दोन बाजूंना लावले. उरलेल्या दोन लालांना दोन-दोन कोकरं दिली. टोपलीत काही उरलं नाही.

"हा ऑक्सिजन आता पाण्यात गेला," बाई म्हणाल्या. "मघाचा ऑक्सिजन आणि हा, यांत फरक काय?"

"काय बी न्हाय. कळप बदलला. मेंढरू तेच."

बाई काहीतरी लिहायला लागल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, एक इचारू का?" आबा कधी पुढे आले ते कळलंच नव्हतं. येमूल सर भिंतीला टेकून पांढरेफटक पडले होते.

"विचारा की," बाई म्हणाल्या.

आबांनी पाण्यातल्या लाल खुणेवर बोट ठेवलं. "ह्यो गडी तिकडं गेला. आता तितलाच हून ऱ्हातो, का कधी मागारी बी येतो?"

ते बाईंना विचारत होते, पण बघत माझ्याकडे होते. बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि वही मिटली. "तूच सांग त्यांना," त्या म्हणाल्या.

"येतो आबा," मी म्हणाले. "पाण्यासंगट झाडाच्या पानात जातो आन् उनात तितनं सुटतो. जसा गेला व्हता तसाच."

"लगीच?"

"कवा लगीच. कवा लई वरसांनी."

"पर येतो."

"येतो."

"तसाच?"

"तसाच. केसाएवढा बी बदलत न्हाय. खूण पुसली तरी."

आबांनी मान डोलावली. मग त्यांचं लक्ष ज्वालामुखीकडे गेलं आणि ते तिथे जे बसले ते तीनदा फेस बघून उठले. पहिला नंबर त्यालाच मिळाला, आणि आबांच्या मते तो योग्यच होता. मला उत्तेजनार्थ एक कंपासपेटी मिळाली. पुढे पस्तीस वर्षं मी याच सोलापुरात रसायनशास्त्र शिकवलं. दर वर्षी पहिल्या तासाला मी वर्गाला ऑक्सिजनचा रंग विचारायची, आणि दर वर्षी कुणीतरी "लाल" म्हणालं की मला मनापासून आनंद व्हायचा. परवा नातीने फोनच्या पडद्यावर मिथेनचा रेणू गरगरा फिरवून दाखवला. छान होता. फक्त साबणाचा वास येत नव्हता.

प्रदर्शनाच्या त्या संध्याकाळी एसटी स्टँडवर आबांनी भजी घेतली. खाताना ते कधी बोलत नसत. शेवटचं भजं माझ्याकडे सरकवून कागदाला हात पुसत ते म्हणाले, "त्ये बोर्डिंग कुटं हाय म्हणत व्हतं मास्तर?" मला रडू फुटलं आणि मी भजी तिखट आहेत असं सांगितलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

चार दिवसांनी ते मला पोचवायला आले. माझे कपडे आणि पुस्तकं आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती. बोर्डिंगच्या व्हरांड्यात अशाच वीस-पंचवीस ट्रंका एका ओळीत मांडलेल्या होत्या. आबांनी ओळीकडे एकदा पाहिलं, घोंगड्याच्या खोळीतून एक लहान डबी आणि फडक्याचा बोळा काढला आणि माझ्या ट्रंकेच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर गेरूचा एक ठिपका दिला. लिंबाएवढा. मुली खिदळल्या. देखरेखीच्या बाई म्हणाल्या, "अहो, हे काय करता?" आबा म्हणाले, "खूण." त्या दिवशी मला धरणीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. ती ट्रंक अजून माझ्याकडे आहे. तीनदा रंगवून घेतली, आणि तिन्ही वेळा तो कोपरा सोडायला सांगितल्यावर रंगाऱ्याने मला वेड्यात काढलं.

आईने नंतर सांगितलं. त्या हंगामात रोज संध्याकाळी मोजणी झाली की आबा म्हणायचे, "आली समदी." मग जरा थांबायचे आणि म्हणायचे, "एक सोलापुरात हाय." तेवढं म्हटल्यावरच ताटाला हात लावायचे. पहिल्या दिवशी चुलते हसले, मग त्यांनाही सवय झाली.

सुट्टी लागल्यावर मी एकटीने एसटीने टेंभुर्णी गाठली आणि विचारत विचारत रानातला मुक्काम शोधला. दिवस कलला होता. आबा वाघरीच्या तोंडाशी उकिडवे बसले होते, मेंढरं आत जात होती, कुणी बोलत नव्हतं. मी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आबांनी मान वर केली नाही. शेवटची जोडी आत गेली, त्यांनी जाळीचं तोंड बांधलं, गाठ ओढून बघितली.

"आली समदी," ते म्हणाले, आणि हात धुऊन ताटावर बसले.